शनिवारी लाईट आली की लॅपटॉप चालूच होत नाही

जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत माझा लॅपटॉप सात वेळा बंद पडला आणि सातही वेळा पुन्हा उठला. बटण दाबलं तर काहीच नाही. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, स्क्रीन काळीठिक्कर. तासभर खटपट केली की अचानक चालू व्हायचा आणि मग दोन-तीन आठवडे कसली तक्रार नाही.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये घरूनच छोट्या कारखानदारांचे हिशेब बघते. जीएसटीची दोन विवरणपत्रं: ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. अंबड-सातपूरच्या शेडमधली माणसं दिवसभर मशीनवर उभी असतात, त्यांची विवरणपत्रं वेळेत गेली नाहीत तर विलंब शुल्क त्यांच्या खिशातून जातं. त्यामुळे 'होईल चालू थोड्या वेळाने' हे उत्तर मला चालणारं नव्हतं. शेवटी कारण सापडलं आणि ते लॅपटॉपमध्ये नव्हतंच. ज्यांचा लॅपटॉप असाच अधूनमधून रुसतो, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या खेपेला मी घाबरून तो कॉलेज रोडकडच्या एका दुकानात नेला. काउंटरवर ठेवला, मुलाने त्यांच्याकडचा चार्जर लावला, बटण दाबलं आणि लॅपटॉप लगेच चालू! मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. तिथे सांगितलं, "मॅडम, बोर्ड वीक झालाय, पावसाळ्यात असंच होणार, बदलून टाका." खर्च चौदा हजार. मी बोर्ड, म्हणजे लॅपटॉपच्या आतली मुख्य सर्किटची पाटी (मदरबोर्ड), बदलला नाही. पण 'पावसाळ्यात असंच होणार' हे मात्र डोक्यात पक्कं बसलं. दमट हवा, ओल आलेली भिंत, त्र्यंबकच्या बाजूने दिवसभर येणारी झड, सगळं कारण म्हणून पटत होतं. मी टेबल भिंतीपासून हलवलं, चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून लॅपटॉपच्या बॅगेत टाकल्या. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

खरं तर उत्तर त्या काउंटरवरच होतं. घरी चालू न होणारा लॅपटॉप दुकानात चालू होतो, याचा अर्थ घर आणि दुकान यांत जो फरक आहे त्यात दोष लपलेला आहे. मला ते कळायला पुढचे पाच महिने लागले.

आधी नीट बघा, मग हात लावा

'लॅपटॉप चालू होत नाही' या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार असतात आणि तिघांचे उपाय वेगळे.

एक म्हणजे खरोखरच निपचित: कुठलाही दिवा नाही, आवाज नाही. दुसरा प्रकार फसवा. लॅपटॉप चालू झालेला असतो, फक्त स्क्रीन काळी राहते. कॅप्स लॉकचं बटण दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतलं यंत्र जागं आहे. मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरा. अंधुक चित्र दिसलं तर स्क्रीनमागचा प्रकाश गेला आहे. घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर प्रश्न स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा, पॉवरचा नव्हे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र पाठवणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू होतो, तेवढ्यानेही कधी कधी चित्र परत येतं. तिसरा प्रकार म्हणजे दोन-चार सेकंद चालू होऊन बंद पडणारा. त्यात रॅम (काम चालू असतानाची मेमरी), तापमान किंवा बोर्डावरचा शॉर्ट यांचा संशय आधी घ्यायचा.

माझा पहिल्या प्रकारातला होता, म्हणून त्याबद्दल जास्त लिहिते.

भिंतीपासून सुरुवात करा, लॅपटॉपपासून नाही. त्याच प्लगमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड पूर्ण बाजूला काढा आणि थेट भिंतीत लावा. माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत एक्स्टेंशनचं एखादं भोक ढिलं असतंच. मग ती तीन छिद्रांची काळी केबल, जी अडॅप्टरच्या ठोकळ्यात शिरते, ती पुन्हा घट्ट बसवा. ती अर्धवट निघालेली असते आणि आपण मदरबोर्डचे भाव विचारत फिरतो.

अडॅप्टरवर छोटा दिवा असेल तर एक परीक्षा फार कामाची आहे. लॅपटॉपला न जोडता तो लागतो का, हे आधी बघा. मग पिन लॅपटॉपमध्ये घाला आणि नजर दिव्यावर ठेवा. पिन आत जाताक्षणी दिवा विझला आणि बाहेर काढल्यावर पुन्हा लागला, तर चार्जर चांगला आहे. लॅपटॉपच्या जॅकमध्ये (पिन जाते त्या भोकात) किंवा बोर्डावर शॉर्ट आहे, आणि चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो आहे. असं दिसलं तर पुन्हा पुन्हा घालून बघू नका, ते दुकानाचंच काम आहे. दिवा लागलेलाच राहिला आणि तरी लॅपटॉप निपचित असेल, तर घरी करण्यासारखं बरंच काही शिल्लक आहे.

दुसऱ्याचा चार्जर लावून बघणार असाल तर त्याच्या पोटावरची अक्षरं वाचा. व्होल्ट जुळले पाहिजेत: बहुतेक गोल पिनचे १९ किंवा १९.५ व्होल्टचे असतात, लेनोवोचे बरेचसे २० व्होल्टचे. अँपिअर मूळ चार्जरइतके किंवा त्याहून जास्त चालतात, कमी नको. डेल आणि एचपीच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई दिसते. तिच्यातून मुख्य वीज जात नाही, चार्जरची ओळख जाते. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चार्जर ओळखत नाही आणि बॅटरी भरत नाही. टाईप-सीवाल्यांनी मोबाईलचा चार्जर लावून 'लॅपटॉप मेला' असं ठरवू नये. लॅपटॉपला साधारण २० व्होल्ट लागतात आणि मोबाईलचे बरेच छोटे चार्जर ९ किंवा १२ व्होल्टवर थांबतात.

बॅटरी ठार रिकामी झाली असेल तर चार्जर लावल्या लावल्या बटण दाबून उपयोग नसतो. सेलचा व्होल्टेज फार खाली गेला की बॅटरीतलं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं आणि मग ती हळूहळू शुद्धीवर येते. चांगल्या चार्जरवर अर्धा-पाऊण तास तसाच सोडा. हा धीर मला कधीच नसायचा.

तीस सेकंदांचं औषध

हा उपाय सगळ्यांना माहीत असतो. चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. सोडा, फक्त चार्जर लावा, नेहमीसारखं बटण दाबा. लेनोवोच्या काही थिंकपॅड लॅपटॉपच्या पाठीवर टाचणी जाईल एवढं छिद्र असतं, चार्जर काढून त्यात पिन दाबली की हेच काम होतं.

यामागे जादू नाही. लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटा पहारेकरी असतो, एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात त्याला. लॅपटॉप बंद असतानाही तो जागा असतो. बटण दाबलं का, चार्जर आला का, झाकण उघडलं का, हे तोच बघतो आणि मग ठरलेल्या क्रमाने एकेक वीजवाहिनी चालू करतो. तो अडकून बसला की तुम्ही बटण कितीही दाबा, ऐकणारा कोणी नसतो. सगळी वीज काढून उरलासुरला भार बटणातून निचरला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

माझा लॅपटॉप दर वेळी याच औषधाने उठायचा. म्हणून मी निर्धास्त व्हायचे, आणि चूक तिथेच होत होती. पहारेकरी एकदा अडकला तर योगायोग म्हणता येईल. दर दोन-तीन आठवड्यांनी अडकत असेल तर त्याला कोणीतरी अडवतं आहे.

वही

चौथ्या वेळी मी हिशेबाची एक जुनी वही काढली आणि दर वेळची नोंद ठेवायला लागले. तारीख, वार, वेळ, त्याआधी काय केलं होतं, कुठल्या वायरी लागलेल्या होत्या, कुठला दिवा चालू होता, काय केल्यावर उठला. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला ही सवय आधीच असायला हवी होती.

तीन नोंदी झाल्यावर वार डोळ्यांत भरला. शनिवार, शनिवार, शनिवार. आमच्या भागात देखभालीसाठी लाईट जाते ती शनिवारी. सकाळी जाते, दुपारी येते. शेवटची नोंद नोव्हेंबरची, कोरड्या हवेतली, थंडी सुरू झाल्यावरची. पावसावरचा आरोप तिथेच गळून पडला.

मग वाटलं, लाईट येताना झटका बसत असेल. म्हणून पुढच्या शनिवारी लाईट गेल्याबरोबर चार्जरचं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि लाईट आल्यावर दहा मिनिटांनी चालू केलं. (हे एरवीही करावं, लाईट येते तेव्हाचे पहिले काही क्षण चांगले नसतात.) तरीही लॅपटॉप निपचित. झटक्याचा तर्कही गेला.

पण त्याच दिवशी एक गोष्ट दिसली. लॅपटॉप बंद, चार्जर बंद, आणि तरी माऊसच्या पोटातला लाल दिवा मंद जळत होता. माऊस थेट लॅपटॉपला लावलेला होता. काही लॅपटॉपना बंद असतानाही मोबाईल चार्ज करणारा एक यूएसबी पोर्ट असतो, त्याच्याशेजारी विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह काढलेलं असतं. माझ्या लॅपटॉपला तसा पोर्ट नाही. शिवाय बॅटरी सकाळीच संपली होती. मग हा दिवा कोणाच्या विजेवर जळतोय?

वहीचं ते पान घेऊन मी एम. जी. रोडवर बोर्डाचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. लॅपटॉप त्यांनी उघडलाही नाही. पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "ताई, लॅपटॉपला आणखी काय काय लावता?"

"प्रिंटर, कीबोर्ड आणि डिजिटल सहीचं डोंगल. पोर्ट दोनच आहेत दादा, म्हणून हब लावलाय."

"हबला वेगळा अडॅप्टर आहे का?"

होता. एका यूएसबी पोर्टचे चार पोर्ट करणारी बिननावाची डबी, म्हणजे माझा हब, स्वतःच्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा.

"उद्या तो घेऊन या. लॅपटॉप घरीच ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हबला वीज दिली आणि लॅपटॉपमध्ये जाणारं त्याचं टोक हातात धरलं. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) डीसीच्या २० व्होल्टवर ठेवला आणि त्या चपट्या यूएसबी टोकातल्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन पट्ट्यांना सळया लावल्या. तिथे शून्य यायला हवं. यूएसबीच्या नियमाप्रमाणे वीज कॉम्प्युटरकडून हबकडे जाते, हबने उलटी कॉम्प्युटरकडे पाठवायची नसते. मीटरवर ४.९ आलं.

म्हणजे माझा हब स्वतःच्या अडॅप्टरची वीज मागच्या दाराने लॅपटॉपमध्ये ढकलत होता. चांगल्या हबमध्ये ही वाट अडवणारा भाग असतो, यात तो घातलेलाच नव्हता. लॅपटॉप चालू असताना किंवा नुसतं झाकण मिटून झोपलेला असताना फरक पडत नव्हता, कारण तेव्हा आतल्या ५ व्होल्टच्या वाहिनीवर वीज असतेच. एरवी मी झाकण मिटूनच ठेवते. शनिवारी मात्र लाईट गेली की मी बॅटरीवर काम रेटत बसायचे, चार वर्षांची बॅटरी चाळीस मिनिटांत संपायची आणि लॅपटॉप पूर्ण बंद व्हायचा. दुपारी लाईट आली की हब आधी जागा व्हायचा आणि रिकाम्या लॅपटॉपमध्ये ५ व्होल्ट सोडायचा. पहारेकऱ्याच्या हिशेबी जी वाहिनी अजून चालू व्हायची आहे ती अर्धवट भरलेली! ठरलेला क्रम बिघडायचा आणि तो तिथेच थांबायचा.

आणि ते तीस सेकंदांचं औषध? बटण दाबण्यापूर्वी मी दर वेळी सगळ्या वायरी काढत होते. बरं करत होतं ते वायरी काढणं, आणि श्रेय मी बटणाला देत होते. दुकानातही लॅपटॉप एकटाच गेला होता, हब घरी टेबलावर. दोन गोष्टी एकदम केल्या की कशाने गुण आला हे कधीच कळत नाही. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम फक्त हबची केबल उपटली, बाकी कशाला हात लावला नाही. मिनिटभर थांबून बटण दाबलं. चालू.

तुमच्याकडे वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा हब, डॉकिंग स्टेशन किंवा मॉनिटर असेल आणि लॅपटॉप अधूनमधून उठत नसेल, तर आधी ते सगळं काढून लॅपटॉपला एकटं करा. मल्टिमीटर नसला तरी एवढी परीक्षा पुरते.

बाकीचे संशयित

सगळ्यांचं कारण हब नसणार. त्याच कारागिराच्या टेबलाशी बसून जे ऐकलं-पाहिलं आणि नंतर नात्यात कामी आलं, तेही सांगते.

दिंडोरीच्या मावसभावाचा लॅपटॉप द्राक्षांच्या औषधांच्या खोलीत असायचा. द्राक्षांवरच्या भुरी रोगासाठी गंधक वापरतात, त्याची पोती तिथेच. गंधकाच्या वाफेने तांबं आणि चांदी काळवंडते. दारातल्या पितळी घंटेवर जे दिसतं तेच आत बारीक जोडांवर होतं. त्याच्या चार्जिंग जॅकचे जोड काळे पडले होते. जॅक बदलला, लॅपटॉप घरात हलवला, प्रश्न मिटला. तुमच्या शेतघरात असं असेल तर लॅपटॉप तिथे ठेवू नका, एवढं कळकळीने सांगते.

दिवे लागतात, पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच, यात रॅमचा हात बरेचदा असतो. खालचं झाकण उघडायची सवय असेल तरच उघडा. आधी चार्जर काढा, बॅटरीची पिन सोडवा, हात धातूला लावून अंगातली स्थिर वीज घालवा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्याने प्लास्टिक विरघळतं.

दिव्यांची उघडझाप मोजा, ती भाषा असते. डेलच्या बऱ्याच अलीकडच्या मॉडेलवर दोनदा केशरी आणि तीनदा पांढरा म्हणजे रॅम सापडत नाही. एचपीमध्ये बायोस (लॅपटॉप सुरू करणारा आतला मूळ प्रोग्रॅम) बिघडल्याचा संशय असेल तर विंडोज आणि बी ही बटणं दाबून ठेवून पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबतात, बायोस स्वतःच्या जतन केलेल्या प्रतीवरून परत उभा राहू शकतो. त्या वेळी चार्जर लावलेला हवा. मोबाईलवर उघडझापेचा व्हिडिओ काढून ठेवा, दुकानात तोच सगळ्यात जास्त बोलतो.

बॅगेतून काढल्यावर लॅपटॉप गरम आणि बॅटरी शून्य, हा प्रकार वेगळा. तो झोपलेला नसतो, बॅगेत जागा राहून बॅटरी खात असतो. मुंबईला किंवा पुण्याला निघताना झाकण मिटण्याऐवजी शट डाऊन करा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाऊनही अर्धवटच असतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करता येतं.

इथे थांबा

बॅटरी फुगली असेल तर वरचे कुठलेच प्रयोग करू नका. टचपॅड वर आलेला दिसतो, झाकण नीट मिटत नाही, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो. चार्जर काढा. दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. दुकानात नेताना जड सामानाखाली ठेवू नका.

चहा सांडला असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून लगेच बंद करा, चार्जर काढा, कीबोर्ड खाली येईल असा तंबूसारखा पालथा ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरून काही होत नाही. साखरदुधाचा चहा आत वाळून जोड कुरतडत राहतो. 'चालू होतोय का बघू' हा मोह सगळ्यात महाग पडतो. त्याच दिवशी उघडून साफ करून घ्या.

दुकानात बोर्ड बदलायची वेळ आलीच तर आधी फायलींचा विचार करा. बऱ्याच विंडोज ११ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि बोर्ड बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. लॅपटॉप धडधाकट आहे तोवरच ती शोधून वहीत उतरवून घ्या. मी माझ्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहे, आणि त्या वहीला आता कपाटात कुलूप आहे.

जुना हब मी कोणाला दिला नाही, ई-कचऱ्यात दिला. नवा घेतला तो अडॅप्टर नसलेला, लॅपटॉपच्याच विजेवर चालणारा. कीबोर्ड आणि डोंगलला तेवढं पुरतं, प्रिंटर थेट दुसऱ्या पोर्टला आणि माऊस वायरलेस. त्यानंतर लाईट गेलेले सहा शनिवार वहीत नोंदवले. सहाही वेळा, बॅटरी पूर्ण संपलेली असताना, चार्जर लावून पहिल्याच दाबात चालू.